चालती तोफ आणि परतीचं दही

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या स्वतःच्या दारात घडलेलं आहे.

भुताच्या गोष्टी रात्रीच्या असतात म्हणतात. माझी दुपारची आहे. ऊन डोक्यावर असतानाची.

सन एकोणीसशे पासष्ट. आषाढातला मंगळवार. उमरग्याहून नळदुर्गाकडं जाणाऱ्या हमरस्त्याला लागून असलेलं एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं अजून माणसं राहतात.

माझे यजमान गोपाळकृष्ण तिथं प्राथमिक शाळेत मास्तर होते. आम्ही मूळचे तुळजापूरचे. बदली झाली तेव्हा मी एकवीस वर्षांची होते आणि माझी पमी, म्हणजे प्रमोदिनी, सहा महिन्यांची. दोन खोल्यांचं मातीचं घर मिळालं. भिंतीला भिंत लागून द्वारकाबाईचं घर, तिची सून कमलबाई. आमची दारं इतकी जवळ होती की एकीनं फोडणी टाकली की दुसरीला ठसका लागायचा.

ते दिवस मला अजून आठवतात. कमलबाई सकाळी ताकाचा गडवा घेऊन यायची आणि पमीला उचलून न्यायची. "मास्तरीणबाई, तुमची पोरगी आज माझी. उद्या माझी झाली की तुमाला देते," म्हणायची. तिला दिवस गेले होते. पाचवा महिना.

त्या वर्षी पावसानं ओढ दिली. गावच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं. गढूळ, हिरवं.

आणि पटकी आली.

अकरा दिवसांत कॉलऱ्यानं नऊ माणसं गेली. सकाळी चालतं-बोलतं माणूस, संध्याकाळी पिळून काढलेल्या धडुत्यासारखं. यजमान दारोदार सांगत फिरायचे, पाणी उकळून प्या. लोक ऐकून घ्यायचे. "मास्तर, खायाला शिजवायला सरपण न्हाय, पाणी कशावर उकळू?" असं विचारायचे.

सोमवारी यजमान डॉक्टर आणि टोचणीचं औषध आणायला उमरग्याला गेले. औषध उस्मानाबादहून यायचं होतं. तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणायचो. त्यांना तिथंच थांबावं लागलं.

सोमवारी दिवस मावळताना पमीला पहिली उलटी झाली.

मंगळवारी सकाळी तिचे डोळे खोल गेले होते. पोटाची कातडी चिमटीत धरली की तशीच उभी राहायची. ती रडत होती, पण डोळ्यांत पाणी येत नव्हतं... आवाजही येत नव्हता. नुसतं तोंड उघडायची.

घरात उकळलेल्या पाण्याची एकच घागर होती. शेवटची लाकडं जाळून केलेली. चमच्या-चमच्यानं तिच्या तोंडात घालत होते.

गावानं मरीआईचा गाडा तीन दिवसांपूर्वीच तयार केला होता. हा गाडा पाहिलेली माणसं आता फार उरली नसतील, म्हणून सांगते. हातभर लांबीचा लाकडी गाडा. त्यात देवीचा मुखवटा, हिरव्या बांगड्या, खण, लिंबं. आणि ज्या ज्या घरात दुखणं असेल त्या घरातल्या आजाऱ्याच्या कपड्याची एक एक चिंधी. गाडा ओढत गावाच्या शिवेबाहेर न्यायचा. तिथं त्याला पुढचं ठिकाण सांगायचं. "पुढच्या शिवेला जा," असं. आणि मागं न बघता घरी यायचं. मग पुढचं गाव तो त्याच्या पुढच्या गावाला लोटणार.

शेवटी तो कुठं जातो... कुणी विचारत नसे.

पण त्या वर्षी गाडा देवळापुढंच उभा होता. ओढायला कुणी नव्हतं.

पूर्वी हे काम धोंडीबाच्या वस्तीकडं होतं. छप्पन सालच्या धर्मांतरानंतर त्यांनी गावकीची असली कामं सोडली. पाटील हिंमतराव स्वतः वस्तीवर गेले. परत आले ते तोंड उतरवून. काय बोलणं झालं ते गावभर झालं होतं.

"धोंडीबा, गाव मरायलंय."

"आमीबी गावातच मरायलोय पाटील. माझ्या बापानं वढला हुता तुमचा गाडा. तिसऱ्या दिशी गेला. तवा कोण आलं हुतं?"

"ते जुनं झालं."

"मग नवं करा. तुमी वढा."

"आमी? आमच्या घरात लेकरंबाळं हायत."

"आमच्या घरात काय धोंडं हायत व्हय?"

शिवाय पुढच्या गावाचे लोकही काठ्या घेऊन त्यांच्या शिवेवर बसले होते. गाडा आला तर ओढणाऱ्याचं डोकं फोडू म्हणत होते.

आणि त्याच मंगळवारी सकाळी फौज आली.

हैदराबादच्या बाजूनं ट्रकमागून ट्रक. कच्छच्या रणात चकमकी होऊन गेल्या होत्या, लढाईची बोलणी सगळीकडं चालायची. ट्रक धूळ उडवत निघून गेले. शेवटी एक भलामोठा ट्रेलर आला आणि गावाच्या ओढ्यावरच्या पुलाअलीकडं थांबला. त्याच्यावर तोफ होती.

आम्ही तोफ म्हणजे नळदुर्गच्या किल्ल्यावरची, बुरुजावर पडून असलेली, एवढंच ओळखत होतो. ही तशी नव्हती. घराएवढी लोखंडी गाडी, चाकांऐवजी दोन्ही अंगाला लोखंडी पट्टे, वर लांबलचक नळी. नळीच्या तोंडाला कापड बांधलेलं... मयताच्या तोंडाला बांधतात तसं.

पूल जुना. ट्रेलर आणि तोफ दोन्हींचं वजन एकदम पेलणार नाही म्हणून त्यांनी तोफ खाली उतरवली. ती स्वतःच्या पायांनी कोरड्या ओढ्यात उतरली, घरघरत पलीकडं चढली आणि बरोबर आमच्या शिवेच्या दगडापाशी तिच्या पट्ट्याची पिन तुटली.

बाकीची फौज रिकामा ट्रेलर घेऊन पुढं गेली. तोफेजवळ पाच जवान राहिले, दुरुस्तीला.

दुपारी बारा-साडेबाराला द्वारकाबाई माझ्या दारात आली. मागं हिंमतराव.

"मास्तरीणबाई, देवीनं गाडा धाडला," द्वारकाबाई म्हणाली.

मला कळेना.

"बैल लागत न्हाय, माणूस लागत न्हाय. आपली आपण चालती. कुणी काठ्या घेऊन अडवील तिला? आन जाणार किती लांब, ठावं हाय? पार दिल्लीच्या पल्याड. पुन्यांदा ह्या मुलखात यायाची न्हाय."

हिंमतराव म्हणाले, "ओवाळायचं निमित्त करू. जवानांना कोण नाही म्हणतंय? चिंध्यांचं गाठोडं तेवढं मागं जाळीत अडकवायचं. तुम्हाला हिंदी येतं. शिकलेल्या आहात. तुमच्यावर भरवसा ठेवतील."

"आणि त्यांना काही झालं तर?"

द्वारकाबाईनं पमीकडं पाहिलं. नुसतं पाहिलं.

मी पमीच्या झबल्याची बाही फाडून तिच्या हातात दिली.

आम्ही सातजणी गेलो. ताट, कुंकू, नारळ, लिंबं. गावात पटकी आहे हे जवानांना सांगायचं नाही, असं हिंमतरावांनी बजावलं होतं. कळलं असतं तर त्यांनी जवळही येऊ दिलं नसतं.

तोफ चालवणारा जवान तेवीस-चोवीस वर्षांचा होता. राघवेंद्र त्याचं नाव. गुलबर्ग्याकडचा, मराठी येणारा. हाताला काळं ग्रीस, दात पांढरे शुभ्र. मला पाहून तो उठून उभा राहिला.

"अक्का, आमाला ओवाळायला आल्या का तोफेला?"

"दोघांनाही."

"तोफेला आधी ओवाळा. ती रुसली तर आमाला चालत जावं लागतंय."

बाया हसल्या. मीही हसले. घरी पमी डोळे मिटून पडली होती आणि मी हसले.

मी विचारलं, "ही खरंच आपली आपण चालते?"

"हौ तर! दुसऱ्या तोफा ओढत न्याव्या लागतात. हिला काय नको. स्वतः जाती, स्वतः मारती, स्वतः जागा बदलती. मी नुसता आत बसून दोन दांडे धरतो, बघा. घरी आईला सांगितलं तर म्हणाली, मग तुला पगार कशाचा देतात रे?"

पुन्हा सगळ्या हसल्या. तेवढ्यात द्वारकाबाई कुंकू लावत लावत तोफेच्या मागं गेली. परत आली तेव्हा तिच्या पदराखालचं गाठोडं नव्हतं.

मग राघवेंद्रनं पाण्याचे डबे पुढं केले.

"अक्का, पाणी द्याल का? आमचं संपलंय. पाणी चांगलं आहे ना इथलं?"

माझ्या घरात उकळलेल्या पाण्याची घागर होती. ती पमीची होती.

"चांगलं आहे," मी म्हणाले.

विहिरीचं पाणी शेंदून आम्ही त्यांचे पाच डबे भरून दिले. त्यानं तिथंच डबा तोंडाला लावला. घटाघटा प्यायला. मी त्याच्या गळ्याची घाटी खालीवर होताना बघत उभी होते.

चारच्या सुमाराला तोफ सुरू झाली. जमीन हादरली. द्वारकाबाई पुढं झाली आणि पुटपुटली, "लांब जा. पुढच्या शिवेला जा." बाया तोंडं फिरवून गावाकडं चालू लागल्या. मागं बघायचं नव्हतं.

आणि तेवढ्यात माझ्या हातून ते घडलं.

आमच्या घरात कुणी प्रवासाला निघालं की त्याच्या हातावर दही घालतात. सुखरूप परत यावं म्हणून. माझ्या आईनं घातलं, सासूनं घातलं, मीही यजमान उमरग्याला जाताना घातलं होतं. ताटात वाटीभर दही होतं, नैवेद्याचं. राघवेंद्र वर चढायच्या आधी मला नमस्कार करायला वाकला. माझा हात आपोआप वाटीत गेला. मी त्याच्या तळहातावर दही ठेवलं.

"चाटून टाक," मी म्हणाले. "आणि लवकर परत ये."

सवयीनं बोलले हो. पोटच्या पोरीची शपथ घेऊन सांगते, निव्वळ सवयीनं.

त्यानं दही खाल्लं. "येतो अक्का. परत जाताना तुमच्याकडं पाणी प्यायला थांबतो," म्हणाला आणि आत उतरला.

मागं वळले तर द्वारकाबाई माझ्याकडं बघत उभी. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काय केलंस गं बाई..." ती म्हणाली. "लोटून दिलेल्या गाड्याला परतीचं दही घातलंस?"

त्या संध्याकाळी पमीनं डोळे उघडले. तोंडानं पाणी मागण्याची खूण केली. दुसऱ्या दिवशी तिनं पेज खाल्ली. गावात एकही नवा आजारी पडला नाही. जे पडले होते ते उठून बसले. हिंमतरावांनी देवळात पेढे वाटले.

शुक्रवारी यजमान डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी सगळ्यांना टोचलं. जेवताना ते सहज म्हणाले, "तुमच्या रस्त्यानं गेलेल्या एका तोफेचे चार जवान पटकीनं गेले. सोलापूरच्या अलीकडंच. पाचवा तेवढा वाचला. चालवणारा तर बसल्या जागीच गेला म्हणे. तहान तहान करत. हात दांड्यांवर तसेच... आणि तोफ चालतच राहिली. दोन फर्लांग. मग खड्ड्यात जाऊन थांबली."

मी पानात भात वाढत राहिले. यजमानांना मी तेव्हा काही सांगितलं नाही.

आठ दिवस गेले.

नवव्या दिवशी दुपारी मी पमीला मांडीवर घेऊन बसले होते. बाहेर चिमण्या होत्या, कुत्री होती, कुठंतरी मोटेचं चाक करकरत होतं.

आणि एकदम... काही नाही.

चिमण्या नाहीत. कुत्री नाहीत. मोट नाही. कानात बोळे घातल्यासारखं.

फळीवरची कपबशी हलली. टिंग...

घागरीत पाहिलं. पाण्यावर बारीक वर्तुळं उठत होती. मधून कडेला... मधून कडेला.

मग लांबून आवाज आला.

खडाक... खडाक... खडाक...

लोखंडावर लोखंड आपटल्याचा. मी तो एकदाच ऐकला होता, पण तो विसरण्यासारखा नव्हता. थोडा वेळ आला आणि थांबला. लगेच चिमण्या ओरडू लागल्या.

संध्याकाळी गाव शिवेवर जमलं होतं. धुळीत खुणा होत्या. दोन शिड्या जमिनीवर आडव्या टाकल्यासारख्या, पट्ट्यांच्या. शिवेच्या दगडापासून आत, पन्नास पावलं. पुढं काही नाही.

परत गेल्याच्या खुणा नव्हत्या.

यजमान म्हणाले, सडकेचं काम करणारं यंत्र आलं असेल. शाळेतली फूटपट्टी घेऊन गेले आणि रुंदी मोजून आले. आल्यावर पाणी प्यायले.

दुसऱ्या दुपारी खुणा शाळेच्या लिंबापर्यंत आल्या.

तिसऱ्या दुपारी मारुतीच्या पारापर्यंत.

चौथ्या दुपारी आमच्या गल्लीच्या तोंडाशी.

त्या संध्याकाळी मी यजमानांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "विहिरीचं पाणी दिलंस? तुला माहीत असून?" तोफ, दही, खुणा, यातलं काहीच विचारलं नाही. एवढंच विचारलं. पुढं पस्तीस वर्षं आम्ही संसार केला, पण त्या दिवसानंतर त्यांनी माझ्या हातून पाणी घेतलं नाही. स्वतः उठून घ्यायचे.

आम्हाला गाव सोडायचं होतं. पटकीमुळं एसटी आमच्याकडं थांबत नव्हती; पमीला उचलून उन्हात पुढच्या थांब्यापर्यंत कोसभर नेण्यासारखी तिची प्रकृती नव्हती, आणि बैलगाडी कुणी देईना.

"तुमी गेलात तर त्यो आमच्यात हिंडंल," द्वारकाबाई म्हणाली. "ज्यानं बोलावलंय त्यानंच घरी ऱ्हावं."

रस्त्यात धोंडीबा भेटला. मी त्याला विचारलं, तुमच्या वस्तीकडं आवाज येतो का?

"न्हाय बाई. तिकडं काय येत न्हाय." तो थांबला. "आमच्या आज्यापंज्यानं वढलेले गाडे कुणाच्या दारात थांबले, ते तुमच्यापैकी कुणी कधी इचारलं न्हाय. आता एकाला रस्ता घावला, तर लगेच घाबरलात व्हय?"

पाचव्या दिवशी यजमान शाळेत गेले. त्यांनी मला सोबत चल म्हटलं नाही. मीही विचारलं नाही.

दुपार झाली.

मी दाराला आतून कडी घातली. पमीला छातीशी धरून भिंतीला टेकून बसले.

चिमण्या थांबल्या.

कपबशी... टिंग.

खडाक... खडाक... खडाक...

गल्लीत. अगदी गल्लीत. भिंतीची माती झरू लागली. ग्रीसचा आणि जळक्या तेलाचा वास दाराच्या फटीतून आत आला. फटीतून येणारी उन्हाची रेघ विझली... दारापुढं काहीतरी उभं राहिलं होतं. खूप मोठं.

आवाज थांबला.

"अक्का..."

तोच आवाज. पण कोरडा. वाळलेल्या पानासारखा.

मी पमीला पदरात ओढलं.

"अक्का... पाणी."

मी पमीच्या तोंडावर हात ठेवला. घागर माझ्या समोर होती. उकळलेल्या पाण्याची. गळ्यापर्यंत भरलेली.

"अक्का... चांगलं पाणी."

चांगलं म्हणाला. त्याला कळलं होतं.

मला आजही वाटतं, तेव्हा उठून दार उघडलं असतं आणि तांब्याभर पाणी दिलं असतं, तर तिथंच सगळं मिटलं असतं. कदाचित. पण पमी माझ्या हाताखाली श्वास घेत होती. गरम. ओला. जिवंत. ती मिळवण्यासाठी मी काय दिलं होतं ते मला माहीत होतं. तो ते परत घ्यायला आला असेल तर?

दार आतल्या बाजूला दबलं. कडी वाकू लागली.

आणि मी बोलले.

"पुढच्या दाराला जा."

बाहेर काही हललं नाही.

"इथं पाणी नाही," मी म्हणाले. "पुढच्या दाराला जा. तिथं देतील."

मग... उन्हाची रेघ परत आत आली.

खडाक. खडाक.

दोनदाच. भिंतीपलीकडं.

मला कमलबाईचं दार उघडल्याचा आवाज आला. तिचा आवाज आला, नेहमीसारखा, गोड. "आगं बया! किती घामाघूम झालाय भाऊ. थांबा, पाणी आणते." तांब्या घागरीवर आपटल्याचा आवाज आला. मी भिंतीला कान लावून बसले होते. ओरडून सांगता आलं असतं. एक भिंत तर होती मध्ये.

मी ओरडले नाही.

संध्याकाळी कमलबाईला उलट्या सुरू झाल्या. अख्ख्या गावात पटकी कुणाला नव्हती. टोचणी तिलाही झाली होती. सकाळी कोंबडा आरवायच्या आधी ती गेली. पोटातल्यासकट.

मी भेटायला गेले. जाणं भाग होतं. द्वारकाबाई तिच्या उशाशी बसली होती. मला पाहून ती रडायची थांबली.

"कमळी शेवटपर्यंत एकच बोलत हुती," ती म्हणाली. "तहानलेला जवान आलता म्हणाली. लई गुणी. पाणी पिऊन हात जोडले म्हणाली त्यानं. म्या इचारलं, तुला कसा गावला? तर म्हणाली..."

ती थांबली.

"म्हणाली, शेजारच्या अक्कानं धाडलं, असं सांगत हुता."

खोलीत दहा-बारा बाया होत्या. द्वारकाबाईनं मला शिवी दिली नाही, हात उगारला नाही. तिनं कमलबाईच्या तोंडावरची माशी वारली आणि म्हणाली, "जा आता. तुझं लेकरू जागं झालं असंल."

आठवड्याच्या आत आम्हाला बैलगाडी मिळाली. पाटलांनी स्वतः दिली.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती लिहिलीही नसती.

यजमानांच्या बदल्या होत गेल्या. माकणी, तेर, लोहारा. पमी मोठी झाली. चांगली शिकली, नोकरीला लागली. तिचे बाबा गेल्यावर तिनं मला धाराशिवला आपल्या घरी आणलं. तिला यातलं काही माहीत नाही.

तो त्यानंतर पाच वेळा आला आहे. दरवेळी आषाढात, दरवेळी दुपारी. मधे कधी सात वर्षं जातात, कधी पंधरा. आधी चिमण्या थांबतात. मग कपबशी. मग आवाज. आणि दाराशी तोच कोरडा आवाज... "अक्का, पाणी."

तो तेवीस वर्षांचाच आहे. मी म्हातारी झाले, तरी मला अक्काच म्हणतो.

लोहाऱ्याला असताना शेजारचं घर रिकामं होतं. मी पुढच्या दाराला जा म्हणाले. दुसऱ्या दुपारी तो परत माझ्याच दाराशी आला. त्याला रिकामं दार चालत नाही. आत माणूस लागतं. मग मी त्याला त्याच्या पुढचं दार सांगितलं. तिथं मथुराबाई नावाची विधवा बाई राहायची, शेवया करून विकायची.

पाचही वेळा माझ्या जवळपास कुणीतरी राहत होतं.

तुम्ही म्हणाल, दार उघड. तांब्याभर पाणी दे. साठ वर्षं तो तेवढंच मागतोय. मी दरवेळी ठरवते. तांब्या भरते. दारापर्यंत जाते. कडीला हात लावते. आणि तो वास येतो, आणि माझ्या तोंडून तेच शब्द जातात. ब्याऐंशी वर्षांची झाले तरी मला मरायची भीती वाटते. हे लिहायला लाज वाटते, पण खरं आहे.

आमच्या घरासमोर शेत आहे. एका बाजूला मोकळा प्लॉट. दुसऱ्या बाजूला कुळकर्णी राहायचे. गेल्या महिन्यात ते घर विकून मुलाकडं पुण्याला गेले. नवीन माणूस दिवाळीनंतर राहायला येणार आहे. त्यापलीकडं नाला, आणि मग गोडाऊन.

आषाढ लागून चार दिवस झालेत.

काल दुपारी मी पुढच्या खोलीत बसले होते. खिडकीतल्या चिमण्या एकदम थांबल्या. कपाटातली कपबशी वाजली... टिंग. थोडा वेळ, मग सगळं पूर्ववत झालं. अजून लांब आहे तो. नाल्यापलीकडं असेल. मी सकाळी काठी टेकत जाऊन बघून आले.

खुणा आहेत.

चार-पाच दिवसांत पोहोचेल.

मी सगळा विचार करून पाहिला. शेजारी कुणी नाही. माझ्या खोलीचं दार बाहेर रस्त्यावर उघडतं. त्याच्यानंतर या घरात एकच दार आहे, पमीच्या खोलीचं. पमी आता एकसष्ट वर्षांची आहे, रक्तदाब आहे तिला. दुपारी जेवून तासभर आडवी होते. दार उघडंच ठेवते, मी हाक मारली तर ऐकू यावी म्हणून.